खालून सांगायला काय जातंय!

चढण्याआधी सही करावी लागते. काउंटरवरच्या टॅबवर, बोटाने; त्यामुळे कोणाचीच सही स्वतःच्या सहीसारखी दिसत नाही. सहीच्या वर पाच-सहा परिच्छेद बारीक इंग्रजी असतं. त्याचा मथितार्थ असा, की हा खेळ धोक्याचा आहे, हातपाय मोडू शकतात, त्याहून वाईटही काही होऊ शकतं, आणि झालंच तर आमच्याकडे बघायचं नाही. तरुण मंडळी अंगठ्याने मजकूर वर ढकलतात आणि सही करून मोकळी होतात. पण नातवाला घेऊन आलेले एखादे निवृत्त गृहस्थ कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात, तेव्हा मागची रांग काय ते समजते.

"इथे 'डेथ' लिहिलंय."

"हो सर, ते स्टँडर्ड आहे."

"स्टँडर्ड म्हणजे? नेहमी होतं?"

"नाही नाही सर. नुसतं लिहायचं असतं."

"मग तसं झाल्यास उरलेल्या वेळाचे पैसे परत मिळणार की नाही, तेही लिहायला हवं होतं."

काउंटरवरचा मुलगा कसलेला प्रस्तरारोहक असतो. कड्यावर एका बोटावर लटकायची त्याची तयारी असते, पण या प्रश्नासाठी त्याला कोणी तयार केलेलं नसतं.

माझी भाची या चढाईच्या भिंतीवर नियमाने जाते आणि तिला न्यायचं-आणायचं काम माझ्याकडे आहे. मी चढत नाही. कोणी आग्रह केला तर गुडघ्याकडे बोट दाखवतो. या वयात गुडघ्याला पुरावा मागत नाहीत. मी बाकावर बसतो आणि बघतो. बघण्यासारखं एवढं असतं की भाची 'मामा, चल' म्हणाली की मीच 'थांब गं पाच मिनिटं' म्हणतो.

एक मोठी शेड. आत प्लायवूडच्या वेड्यावाकड्या, कुठे आत कललेल्या तर कुठे डोक्यावर आलेल्या भिंती. त्यांवर रंगीत रेझिनचे होल्ड बोल्टने आवळलेले. एका बाजूला दोरीच्या उंच भिंती, दुसऱ्या बाजूला बोल्डरिंग, म्हणजे दोरीविना चढायची चारेक मीटरची बुटकी भिंत. तिच्याखाली जाडजूड मॅट. बोल्डरिंगमधली चढाई अर्ध्या मिनिटात संपते, बहुतेकांची त्याही आधी. मग हात भरून येतात आणि निदान चार-पाच मिनिटं बसावं लागतं. दोन तासांचा हिशेब मांडला तर प्रत्यक्ष भिंतीवर माणूस दहा मिनिटंही नसतो. उरलेला सगळा वेळ खाली बसून वर बघायचं आणि जो वर आहे त्याच्याबद्दल बोलायचं. म्हणजे हा मुळात कट्टाच. फक्त समोर रस्त्याऐवजी भिंत आहे आणि तासाला पैसे पडतात.

पहिला धक्का बुटांचा. ते भाड्याने मिळतात, रबरी तळव्याचे, बोटं पुढे गोळा करून कोंबायचे. पुणेकर ग्राहक आयुष्यभर 'जरा सैल द्या, मोजे घालायचेत' म्हणत आलेला असतो.

"हे घट्ट होतायत."

"घट्टच हवेत सर."

"मग एक नंबर मोठा द्या."

"सर, तुमची बोटं सरळ राहतायत का आत?"

"हो, मग कशी राहणार?"

"मग एक नंबर लहान देतो."

हा संवाद मी इतक्यांदा ऐकला आहे की मला दोन्ही भूमिका पाठ आहेत. शेवटी ग्राहक दुखऱ्या पावलांनी भिंतीकडे निघतो. परत केलेल्या बुटांवर मुलगा फवारा मारत असतो, ते बघून 'आपले आधी कोणी घातले असतील' हा विचार त्याला जरा उशिराच सुचतो.

मग चॉक. हाताचा घाम टिपायला मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड लावतात. ही प्रथा 1950 च्या दशकात अमेरिकेच्या जॉन गिलने चढाईत आणली. तो जिम्नॅस्टिक्स करायचा, तिथली पूड त्याने खडकावर नेली. पुढे गणिताचा प्राध्यापक झाला, म्हणजे खडूशी संबंध नोकरीतही सुटला नाही. आपल्याकडे या पुडीबद्दल पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कॅरमची पावडर चालेल का? घरी डबा पडून आहे." कॅरमची पूड सोंगटी घसरावी म्हणून असते, इथली माणूस घसरू नये म्हणून. हे समजावून सांगितलं तरी प्रश्नकर्त्याच्या चेहऱ्यावर 'उगाच महागातली विकतायत' हा भाव राहतोच. बायका चॉक चिमटीने घेतात. मुलं कोपरापर्यंत हात घालतात आणि तेच हात आईच्या काळ्या कुर्त्याला पुसतात.

त्यानंतर रंग. एका रंगाचे होल्ड म्हणजे एक रूट. पिवळ्याने सुरुवात केली तर वरपर्यंत फक्त पिवळेच धरायचे. लहान मुलांना हे क्षणात समजतं. मोठ्यांना तत्त्वतःच पटत नाही. "हे काय, हाताशी एवढा छान हिरवा आहे की!" असं म्हणून एक गृहस्थ हिरवा, लाल, निळा जो सापडेल तो धरत वर गेले आणि तिथून विजयी मुद्रेने खाली बघू लागले. मुलाने अदबीने सांगितलं, की हे मोजत नाहीत. "का? पोचलो ना मी?" या प्रश्नाला खरं म्हणजे उत्तर नाही. सोपी वाट असताना मुद्दाम अवघड धरायची आणि तीही पैसे भरून, हे त्यांच्या पिढीला शिकवलेलंच नव्हतं.

काठिण्यपातळीचंही तसंच. बोल्डरिंगची व्ही-श्रेणी जॉन शर्मन या अमेरिकन चढाईपटूच्या टोपणनावावरून पडली. टेक्सासमधल्या ह्यूको टँक्सच्या खडकांवर तिची सुरुवात झाली, आणि आज ती व्ही-सतरापर्यंत पोचली आहे. खालचं टोक मात्र शून्य. सॉफ्टवेअर कंपनीत वीस वर्षं काढलेला माणूस शून्याच्या रूटवरून पडतो, तेव्हा विचारतो, "याच्याखाली काही आहे का?" आहे. व्ही-बी. त्यावर सध्या एक पाच वर्षांची मुलगी असते आणि तिची पाळी संपेपर्यंत साहेबांना थांबावं लागतं.

सगळ्यात हाल होतात ते व्यायामशाळेतून आलेल्या पैलवान मंडळींचे. दंड असे की टी-शर्टची बाही रडकुंडीला आलेली. ते पायांकडे न बघता नुसत्या हातांनी स्वतःला खेचत निघतात. बोटं वळवणारे मुख्य स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि त्यांना दंडाच्या घेराशी काही देणंघेणं नसतं. ते दहा मिनिटांत दगडासारखे घट्ट होतात. मग शेजारून अकरा वर्षांची, काडीसारखी एक पोरगी भिंतीशी अंग घासत, पायाच्या अंगठ्यावर तोल सांभाळत, च्युइंगम चघळत वर निघून जाते. पैलवान पाणी प्यायला बाटली उचलतात आणि बाटलीचं झाकण उघडत नाही. ते उघडायला त्यांनी त्या पोरीलाच दिल्याचं मी पाहिलं आहे. तिने उघडून दिलं. 'थँक्यू दादा' असं काही ती म्हणाली नाही, एवढंच.

आता शिष्टाचाराकडे येतो. चढाईच्या जगात एक अलिखित नियम आहे: समोरच्याने विचारल्याशिवाय त्याला 'असं चढ, तसं धर' सांगायचं नाही. कोडं सोडवण्याचा आनंद ज्याचा त्याला घेऊ द्यायचा. जगभर हा नियम पाळतात म्हणे. पुण्यात तो पोचला तेव्हा काय झालं असेल, ते मला रोज दिसतं.

नियम मानणारेही आहेत, ते नेहमीचे. ते मॅटच्या कडेला बसून डोळे बारीक करून भिंतीकडे बघतात आणि दोन्ही हात हवेत हलवतात. डावा इथे, उजवा तिथे, आता टाच वर. पहिल्यांदा आलेल्या माणसाला हे काय चाललंय ते कळत नाही, एका आजींनी तर हळूच मला विचारलं, "यांना काही होतंय का?" ही माणसं भिंतीवर चढली की बोलत नाहीत, पडली की बोलत नाहीत, शेजाऱ्याला काही सांगत नाहीत. यांचं इथे कसं निभावणार, याची मला काळजी वाटते.

कारण बाकीचे सगळे सांगतात. ज्याला येतं तो सांगतो, येत नाही तो जास्त सांगतो, आणि जो अजून बुटांच्या रांगेत आहे तो तिथून सांगतो. "डावा पाय! अरे डावा! तुझा डावा!" हे वाक्य तर छतालाच चिकटून बसलं आहे. मूल भिंतीकडे तोंड करून, बाप मुलाच्या पाठीकडे तोंड करून. म्हणजे दोघांचा डावा एकाच बाजूला. तरीही त्यावरून मतभेद होतात. एखादी चढणारी मुलगी चिडून "मला बघू द्या ना जरा" म्हणते, तेव्हा खालून सल्ला येतो, "हां, आधी नीट बघ."

जागतिक स्पर्धांमध्ये यावर जालीम उपाय करतात. खेळाडूंना चढण्याआधी एका बंद जागेत ठेवतात, फोन काढून घेतात, आधीच्यांनी काय केलं ते दिसू देत नाहीत, कळू देत नाहीत. ही व्यवस्था ज्याने शोधून काढली त्याचे सदाशिव पेठेत नातेवाईक असले पाहिजेत. मुंबईची गिरिविहार ही 1954 सालची जुनी संस्था. तिच्या पुढाकाराने 2016 आणि 2017 साली बोल्डरिंगची विश्वचषक स्पर्धा नवी मुंबईत झाली होती. देशोदेशीचे खेळाडू आले आणि त्यांनाही असंच कोंडून ठेवलं. मात्र अंतिम फेरीआधी सगळ्या खेळाडूंना एकत्र बाहेर आणून प्रत्येक बोल्डर दोन-दोन मिनिटं बघू देतात, आणि तेव्हा हे पक्के प्रतिस्पर्धी एकमेकांना खुशाल विचारतात, सांगतात. मला हे कळलं तेव्हा बरं वाटलं. म्हणजे मूळ मनुष्यस्वभाव सगळीकडे सारखाच आहे, नियमच काय ते परदेशी.

सह्याद्रीवाले हा वेगळा विभाग. चेहरा उन्हाने रापलेला, पायात ट्रेकचे बूट, दाढीत अजून मागच्या रविवारची माती. "हे प्लॅस्टिक काय चढायचं? आम्ही लिंगाणा केलाय, तैलबैला केलाय." केलाच असेल, त्याबद्दल शंका नाही. मग ते व्ही-एकवरून पडतात आणि मॅटवरूनच सांगतात की खऱ्या दगडाला जीव असतो. अशाच एकांना मी विचारलं, जुलैत कुठे चढता? जुलैत आपल्या काळ्या कातळावर शेवाळ असतं, पाणी असतं आणि ढग इतके खाली असतात की स्वतःचा हात दिसत नाही. एप्रिलमध्ये तोच कातळ तव्यावर हात ठेवावा तसा. इंग्लंडात याच अडचणीतून, पावसापायी, हा प्रकार मार्गी लागला. 1964 साली लीड्स विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या डॉन रॉबिन्सनने तिथल्या एका व्हरांड्याच्या भिंतीत दगड बसवले आणि पोरांना चढायला लावलं. हे सांगितल्यावर सह्याद्रीवाले जरा निवळले. मग म्हणाले, "दगडच होते ना पण. प्लॅस्टिक नव्हतं."

वाढदिवसाच्या पार्ट्या येतात तेव्हा मात्र मी बाकावर पुढे सरकून बसतो. पंधरा-वीस पोरं, एकाही चेहऱ्यावर भीती नाही, आणि प्रत्येकामागे एक पालक मोबाइल धरून. पडणाऱ्याच्या खाली उभं राहायचं नाही, हा इथला पहिला नियम. पण मूल दोन तास उपाशी आहे हे आईला बघवत नाही. डबा उघडून ती थेट भिंतीखाली जाते, "सोन्या, एक घास खा आणि मग वर जा." काउंटरवरचा मुलगा शिट्टी फुंकत धावतो. एकदा एक चिमुरडा वर पोचला आणि उतरेना. चढता येतं, उतरायचं कोणी शिकवलेलं नसतं. आईने उतरल्यावर मिल्कशेक देईन असं सांगितलं, मग चॉकलेटचा मिल्कशेक, मग दोन. त्याची आजी शांतपणे म्हणाली, "ती हिरकणी लेकराच्या दुधासाठी रायगडाचा कडा उतरली, आणि हा मिल्कशेकसाठी चार मीटर उतरत नाही."

कंपन्यांच्या सहलींबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. साहेब व्ही-शून्य चढतात, टाळ्या पडतात, आणि एखादा नवा पोरगा नकळत व्ही-तीन चढून जातो. त्यानंतर त्याच्या शेजारी कोणी बसत नाही.

खरी रंगत दोरीच्या भिंतीवर. इथे चढणाऱ्याच्या कमरेला हार्नेस, दोर वरून फिरून खाली येतो आणि खालचा माणूस तो सांभाळतो. याला बिले देणं म्हणतात. त्यासाठी दोघांची वजनं साधारण सारखी लागतात, नाहीतर वरचा खाली येताना खालचा वर जाऊ लागतो. म्हणून सगळ्यांसमोर विचारावं लागतं. पन्नाशीचं एक जोडपं होतं.

"सर, वजन?"

"बहात्तर."

"कुठल्या साली?" बाई म्हणाल्या. "ब्याऐंशी धरा हो."

मुलाने मग दोर स्वतःकडे घेतला आणि कमरेची दोरी जमिनीतल्या हुकाला अडकवली. काका निघाले. थोडे हळू, पण निघाले. पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये 2024 साली अमेरिकेचा सॅम वॉटसन वेगाच्या स्पर्धेत 15 मीटरची भिंत 4.74 सेकंदांत चढून गेला. तो जागतिक विक्रम होता, आणि तरी पदक मिळालं कांस्य, कारण तो विक्रम त्याने तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत केला. सुवर्ण 4.75 वाल्या इंडोनेशियाच्या वेद्रिक लिओनार्डोने नेलं. आमच्याकडे पावणेपाच सेकंदांत काकांचं "व्हिडिओ चालू केलास का?" एवढंच झालं होतं. पण ते वर गेले. मधेच एक पाय थडथडू लागला. चढणारे याला शिवणयंत्राचा पाय म्हणतात. तरी गेले आणि शेवटचा होल्ड दोन्ही हातांनी धरला. खाली टाळ्या.

"छान सर! आता मागे बसा आणि हात सोडा."

काकांनी हात सोडले नाहीत.

यात गंमत अशी की चढताना दोरावर विश्वास ठेवावा लागत नाही, तो नुसता सोबत असतो. उतरताना मात्र सगळं अंग त्याच्यावर टाकायचं असतं, आणि तो दोर मुद्दाम थोडा ताणणारा बनवलेला असतो. ते 'थोडं' शास्त्राच्या दृष्टीने फार चांगलं असतं.

"सर, सोडा."

"सोडलं तर पडेन."

"नाही पडणार सर, मी धरलंय."

"तू धरलंयस, मी पण धरलंय. मग राहू दे की असंच."

एव्हाना सबंध कट्टा दोरीच्या भिंतीखाली जमला होता. खाली बघू नका, असं कोणीतरी ओरडलं, म्हणून काकांनी खाली बघितलं. श्वास घ्या, असं कोणी म्हणालं. "मी काय श्वास न घेता लटकलोय?" वरून उत्तर आलं. सह्याद्रीवाल्यांनी, खऱ्या दगडावर ही वेळच आली नसती, असं मत नोंदवलं.

"अहो, सोडा ना हात!" बाई म्हणाल्या. "घरात एक वस्तू धरून ठेवत नाही धड."

"तू गप्प बस! तुला काय कळतंय इथलं?"

"मला दोर दिसतोय इथून."

"दोर मलाही दिसतोय. बारीक आहे."

शेवटी घोळक्यातला एक तरुण पुढे झाला. "काका, मीपण पहिल्यांदा असाच अडकलो होतो वर."

काकांनी आशेने बघितलं. "मग उतरलास कसा?"

"हात सुटले."

तसंच झालं. काकांचे हात सुटले, दोर किंचित ताणला, आणि ते खुर्चीत बसल्याच्या अवस्थेत, दोन्ही हात अजून न दिसणाऱ्या होल्डला धरून, अलगद खाली आले. सगळे पुढे सरसावले. काकांनी हार्नेस ठीक केला. "घाबरलो वगैरे नव्हतो," ते म्हणाले. "वर पंख्यावर केवढी धूळ साचलीय, ते बघत होतो. कधी पुसता रे?"

त्यांच्या मागून बाई चढल्या. पोचल्या, हात सोडला, आल्या. कोणी काही सांगितलं नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

नेहमीच्या मंडळींची तक्रार अखेर व्यवस्थापनापर्यंत पोचली असावी. गेल्या आठवड्यात रूट बदलायचा दिवस होता. दर काही दिवसांनी सगळे होल्ड काढून, धुऊन, नव्याने बसवतात आणि अनेकांची महिनाभराची अर्धवट स्वप्नं बादलीत जातात. त्या गडबडीतच एक मुलगा शिडी लावून भिंतीवर पाटी ठोकायला चढला. मराठीत, ठळक अक्षरांत: 'विचारल्याशिवाय कृपया सल्ला देऊ नये.' खाली सात-आठ माणसं जमली होती.

"जरा डावीकडे घे," पहिला म्हणाला.

"डावीकडे नको, खांबाआड जाईल. वर घे."

"शिडीचा पाय बघ आधी, हलतोय."

"'कृपया' आधी हवं होतं वाक्यात."

"अरे, खिळा नको, स्क्रू मार! स्क्रू!"